बाबांचं विसरणं, उदासी आणि गोळ्यांचा ढीग: नेमकं काय होतंय?

रानजाई
नमस्कार मंडळी. एरवी नुसती वाचून जाते, आज लिहायची वेळ आली. जरा लांबण लागेल.

सासरे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे बाबा, वय ७९. मधुमेह आणि बीपी जुनेच. मध्यंतरी हृदयात स्टेंट बसवला. प्रोस्टेटमुळे लघवीची कटकट, गुडघे दुखतात. सासूबाई गेल्यापासून बोलणं कमी झालं, ते आम्ही समजून घेतलं. पण साधारण वर्षभरापासून विसरायलाही लागले. बाबा म्हणजे आयुष्यभर हिशेब लिहिणारा माणूस. मध्ये वही चाळली तर एकच वीजबिल एका पानावर तीनदा मांडलेलं, तिन्ही ठिकाणी बेरीज वेगळी, आणि त्यापुढची पानं कोरी. विचारलं तर म्हणाले, "आता काय करायचंय हिशेब ठेवून."

विसरण्यावर गोळी सुरू झाली. मग लघवीची घाई वाढली म्हणून एक, झोप नाही म्हणून एक, उदास असतात म्हणून आणखी एक. आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत चित्रच पालटलं. दिवसा बसल्या बसल्या पेंगतात. रात्री उठून कपाटातले कपडे काढतात, "गाडीची वेळ झाली" म्हणतात. परवा मला ओळखलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाच्या परीक्षेचं वेळापत्रक तोंडपाठ सांगितलं.

घरात दोन तट पडलेत. नणंद म्हणते डिमेन्शियाच (स्मृतिभ्रंश) आहे, पुढची तयारी करा. यांचं म्हणणं, आई गेल्याचं दुःख आहे, माणसांत नेलं की सुधारतील. प्रत्येक आजाराला वेगळे डॉक्टर, आणि जो तो आपल्यापुरतं बोलतो. कुणाला अनुभव आहे का?

स्पष्टवक्ता
राग मानू नका, पण ७९ व्या वर्षी माणूस विसरणारच. आमच्या आजोबांना कुठे कोणी तपासलं होतं? गोळ्या कमी करा, प्रेमाने वागा. प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव द्यायची हल्ली फॅशन झालीय.

खडीसाखर
@स्पष्टवक्ता, चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. बाकी "गोळ्या कमी करा" हे मात्र बरोबर असू शकतं. :)

पांढरा कोट
मी फिजिशियन आहे, आता निवृत्त. इथे बसून निदान करता येत नाही, तरी लिहितो, कारण हे थांबण्यासारखं प्रकरण वाटत नाही.

डिमेन्शिया की डिप्रेशन हा घरातला वाद तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या निवेदनातला शेवटचा भाग या दोन्हींत बसत नाही. काही आठवड्यांत झालेला बदल, दिवसा पेंग, रात्री भलतंच बोलणं, काल ओळख नाही आणि आज लख्ख. याला डिलिरियम म्हणतात. डिमेन्शिया महिनेच्या महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. डिप्रेशन काही आठवड्यांत बळावत जातं. डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो आणि एकाच दिवसात चढउतार दाखवतो. मुख्य खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, मध्येच हरवतात का बघा.

आणि डिलिरियम म्हणजे आरडाओरडाच हवा असं नाही. म्हाताऱ्या माणसांत तो पुष्कळदा गपचूप असतो. माणूस नुसता पडून राहतो, घरचे म्हणतात "शांत झालेत". हा प्रकार सर्रास हुकतो, आणि डिप्रेशन समजून त्यावर आणखी एक गोळी दिली जाते.

कारण बहुतेक वेळा मेंदूबाहेर असतं. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, शुगर खाली जाणं, शरीरातलं पाणी कमी होणं, लघवी तुंबणं, इतकंच काय साधी बद्धकोष्ठता. आणि औषधं. वृद्धांना संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही, हेही लक्षात ठेवा.

बाबांची सगळी औषधं इथे लिहा. सगळी म्हणजे सगळी, दुकानातून आपणहून आणलेली सर्दीची गोळीसुद्धा. आणि लिहीत बसण्याआधी त्यांना आज-उद्यात डॉक्टरांकडे न्या.

रानजाई
डॉक्टर, आभार. उद्या सकाळी नेतोय. सगळे डबे टेबलावर ओतून बसले होते. यादी: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड (दोन्ही शुगरच्या). टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली बीपीची गोळी. मेटोप्रोलोल, ॲस्पिरिन, अटोरव्हास्टॅटिन (हृदयासाठी). पँटोप्राझोल (ॲसिडिटीची; कधीपासून, कुणालाच आठवत नाही). टॅमसुलोसिन (प्रोस्टेटची). विसरण्यावर डोनेपेझिल. त्यानंतर लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन. झोपेला अल्प्राझोलाम. उदासीसाठी एसिटालोप्राम, ही सगळ्यात नवीन. शिवाय खाज सुटते म्हणून बाबा क्लोरफेनिरामाइन स्वतःच घेत होते, ते कळलंच नव्हतं.

मात्रा
मी फार्मासिस्ट. यादी वाचून खुर्चीत सरळ होऊन बसले.

आधी डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिन. मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन असतं, स्मरणशक्तीला लागणारं. डोनेपेझिल ते टिकवून ठेवतं. पण हेच रसायन मूत्राशयालाही आकुंचन पावायला लावतं, म्हणून डोनेपेझिल सुरू झाल्यावर काहींना लघवीची घाई वाढते. ती नवी तक्रार समजून ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं, आणि ते नेमकं ॲसिटिलकोलिनलाच अडवतं. एकाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने बोळा कोंबायचा. वर क्लोरफेनिरामाइनही त्याच अडवणाऱ्या जातीचं. दोन्ही मिळून तोंड कोरडं, पोट साफ नाही, आणि म्हाताऱ्या मेंदूत गोंधळ. प्रोस्टेट वाढलेल्या माणसात तर लघवी तुंबायचीही भीती. एका औषधाचा परिणाम हा नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देण्याचा हा प्रकार आमच्या धंद्यात रोज दिसतो. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजतात, मग सूज उतरवायला लघवीची गोळी, मग रात्री उठताना तोल जाऊन पडणं, हे त्यातलंच.

दुसरं, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि एसिटालोप्राम. वृद्धांमध्ये ही दोन्ही सोडियम खाली आणू शकतात, एकत्र असली तर जास्तच. एसिटालोप्राम नवीन आहे म्हणता आणि गोंधळही नवीन आहे. तारखा जुळवून बघा.

तिसरं, ग्लिमेपिराइड. जेवण कमी झालं आणि ही गोळी तेवढीच राहिली तर शुगर उतरते. शुगर उतरली की छातीत धडधड होते, हात थरथरतात. पण सोबतच्या मेटोप्रोलोलमुळे हे इशारे दबतात, घाम तेवढा येतो. रात्रीच्या गोंधळात एकदा शुगर तपासाच.

मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल दोन्ही वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं. विसरणं आणि उदासी, दोन्ही त्यानेही होतात.

पण हे वाचून घरच्या घरी काही बंद करू नका, विशेषतः अल्प्राझोलाम. रोज घेणाऱ्याचं ते एकदम तोडलं तर झटके येऊ शकतात. ते उतरवायचं तर हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. यादी छापून न्या आणि प्रत्येक औषधापुढे "कधी सुरू, कशासाठी" लिहा. त्या दुसऱ्या रकान्यात जिथे काहीच लिहिता येत नाही, तिथून बोलायला सुरुवात करा.

मध्यममार्गी
यादी वाचून घाबरलो. इतके डॉक्टर, सगळे शिकलेले, मग असं होतं कसं?

पांढरा कोट
@मध्यममार्गी, यात कुणी एक खलनायक नाही, गंमत तीच आहे. २००५ साली अमेरिकेत सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी एक कागदी प्रयोग केला होता. ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई, पाच आजार: मधुमेह, बीपी, संधिवात, ठिसूळ हाडं आणि फुप्फुसांचा जुना विकार. प्रत्येक आजाराची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं तंतोतंत पाळायची ठरवली तर तिला १२ औषधं, दिवसाला १९ मात्रा घ्याव्या लागत होत्या. प्रत्येक तज्ज्ञ आपल्या जागी बरोबर, आणि बेरीज मात्र माणसाला न झेपणारी. नियम एकेका आजारासाठी लिहिलेले असतात आणि म्हातारपणी आजार एकेकटा येत नाही.

यावर उपाय शोधलेले आहेत. वृद्धांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी १९९१ पासून आहे आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. ऑक्सिब्युटिनिन, क्लोरफेनिरामाइन, अल्प्राझोलाम, सगळ्यांचा त्यात उल्लेख सापडेल. यादी आहे, ती समोरच्या पेशंटला लावून बघायला निवांत अर्धा तास कुणाकडे नसतो.

उजेड
मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे. औषधांबद्दल वर सगळं आलंय, मी उदासीबद्दल बोलते, कारण या गोंधळात ती मागे पडायला नको.

म्हातारपणातलं डिप्रेशन रडत येईलच असं नाही. "मला वाईट वाटतं" असं ते म्हणत नाहीत. म्हणतात पाठ दुखते, पोट बरं नाही, अंगात त्राण नाही. किंवा नुसती चिडचिड. किंवा विसरणं. तपासणीच्या वेळी एक फरक जाणवतो. डिप्रेशनवाला पेशंट आपणच विसरण्याची तक्रार करतो, आणि प्रश्न विचारला की प्रयत्न न करताच "माहीत नाही" म्हणून मोकळा होतो. डिमेन्शियात तक्रार घरचे करतात. पेशंट म्हणतो मला काही झालेलं नाही, आणि आठवलं नाही तर काहीतरी रचून सांगतो किंवा हसून वेळ मारून नेतो. हा दंडक नव्हे. पुष्कळदा दोन्ही हातात हात घालून येतात. उतारवयात पहिल्यांदाच आलेलं डिप्रेशन ही कधी कधी डिमेन्शियाची चाहूलही असते.

वृद्धांसाठी वेगळी प्रश्नावली आहे, १९८० च्या दशकात येसावेज आणि सहकाऱ्यांनी केलेली. मूळ ३० प्रश्न, छोट्या रूपात १५, उत्तरं हो किंवा नाही. तिच्यात झोप, भूक, थकवा यांवर भर नाही, कारण हृदय आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाची झोप तशीही बिघडलेलीच असते. विसरणं फार वाढलेलं असेल तर पेशंटची उत्तरं पुरत नाहीत. मग कॉर्नेल मापन वापरतात, त्यात सांभाळणाऱ्यालाही विचारतात. पण हे सगळं डिलिरियम ओसरल्यावर. आत्ता केलेली कुठलीही स्मरणचाचणी बाबांवर अन्याय करेल.

आणि रानजाई, "आता काय करायचंय" हे वाक्य मी सोडून देणार नाही. त्यांना सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतं का? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात खूळ भरत नाही. एकट्या पडलेल्या, आजारी, वयस्कर पुरुषांमध्ये हा धोका खराच असतो. तोवर गोळ्यांचे डबे तुमच्या ताब्यात, कुलुपात ठेवा. उत्तर "हो" आलं तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

खडीसाखर
माझ्या मावशीचं सांगते, उपयोग होईल. ती न्हाणीघरात घसरली, डोकं थोडंसं आपटलं, टेंगूळसुद्धा नाही. महिनाभराने बोलण्यात गोंधळ, चालताना एका बाजूला झुकणं. सगळ्यांनी वय म्हणून सोडून दिलं. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आत साकळलेलं रक्त निघालं. ते काढलं आणि बाई पूर्वीसारखी भांडायला लागली. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर पडण्याचा प्रसंग आवर्जून सांगा.

पांढरा कोट
खडीसाखर, महत्त्वाचा मुद्दा. त्यात आणखी एक घालतो. चाल अडखळती, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, लघवी कपड्यांत आणि विसरणं, ही तिन्ही एकत्र असतील तर मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा एक प्रकार असतो. हकीम आणि ॲडम्स यांनी तो १९६५ मध्ये मांडला. शस्त्रक्रियेने काहींना चांगला फरक पडतो. थायरॉइडही तपासा. अशी दुरुस्त होणारी कारणं थोड्याच जणांत सापडतात, पण ज्याच्यात सापडतात त्याच्यासाठी ती सगळं काही असतात.

मध्यममार्गी
थोडं विषयांतर. माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. दिवसभर खिडकीशी बसतात. टीव्ही लावला तर बघतात, नाही लावला तर नाही. पण विचारलं तर म्हणतात, "मी मजेत आहे." हे डिप्रेशन का?

उजेड
@मध्यममार्गी, विषयांतर नाही. दुःख, अपराधीपणा, "मी भार झालोय" असं काही नाही आणि नुसता उत्साहच आटलाय, तर ती उदासी नव्हे, उदासीनता (ॲपथी) असू शकते. पार्किन्सन, स्ट्रोक, डिमेन्शियात ती खूप दिसते. मेंदूचं "चला, करू या" म्हणणारं केंद्रच मंदावतं. डिप्रेशनच्या गोळीने तिच्यात सहसा फरक पडत नाही. "काय करावंसं वाटतं?" असं विचारू नका, उत्तर येणार नाही. बूट समोर ठेवा आणि म्हणा, "चला, फिरून येऊ." बहुतेक वेळा उठतात. आळशीपणा म्हणून रागावू मात्र नका.

रानजाई
बरेच दिवसांनी येतेय, माफ करा. सगळ्यांना एकदम सांगते.

सोडियम १२२ निघालं (१३५ ते १४५ हवं). दाखलच करून घेतलं. हायड्रोक्लोरोथायझाइड, ऑक्सिब्युटिनिन, क्लोरफेनिरामाइन बंद. एसिटालोप्राम थांबवून नंतर मिर्टाझापिन दिलं, त्याने सोडियमला धोका कमी आणि झोप-भूकही सुधारते म्हणाले. अल्प्राझोलाम पाव-पाव करत उतरवतोय. ग्लिमेपिराइड काढलं. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ७ टक्क्यांच्या खाली हवी हा हट्ट या वयात नको, ८ च्या आसपास चालेल असं सांगितलं. बी-१२ कमीच होतं, इंजेक्शनं चालू आहेत. सोडियम मुद्दाम हळूहळू वाढवलं, एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते म्हणे.

तो प्रश्न मी विचारला. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "जीव द्यावा असं नाही वाटत, पण सकाळी जाग आली की वाटतं, परत उजाडलं का." डॉक्टरांना तस्संच सांगितलं. आता समुपदेशकही येतात.

रात्रीचं ते गाडीचं प्रकरण पूर्ण थांबलं. पण विसरणं राहिलं. नीट बरे झाल्यावर मॉन्ट्रिऑल (मोका) नावाची ३० गुणांची स्मरणचाचणी घेतली, १९ आले. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान आणि स्मरणाच्या भागाची झीज, दोन्ही. मिश्र डिमेन्शिया, सुरुवातीचा, सोबत डिप्रेशन. म्हणजे नणंद आणि हे, दोघंही जिंकले.

स्पष्टवक्ता
म्हणजे शेवटी डिमेन्शिया तो डिमेन्शियाच. एवढी धावपळ करून हाती काय लागलं?

रानजाई
@स्पष्टवक्ता, बाबा आपल्या पायांनी संडासला जातात, स्वतः दाढी करतात आणि मला नावाने हाक मारतात. एवढं हाती लागलं.

पांढरा कोट
याहून नेमकं उत्तर मला देता आलं नसतं. पुढचं थोडं सांगतो. डिमेन्शियातल्या डिप्रेशनवर गोळ्यांचा भरवसा मर्यादित आहे. २०११ च्या एका ब्रिटिश चाचणीत अशा पेशंटांवर सर्ट्रालिन आणि मिर्टाझापिन या डिप्रेशनच्या गोळ्यांचा परिणाम औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा (प्लासिबो) जास्त दिसला नव्हता. म्हणून मिर्टाझापिन कायमची समजू नका, काही महिन्यांनी उपयोग होतोय का ते विचारा. माणसांत नेणं, दिवसाचा ठराविक क्रम, थोडं चालणं, हे गोळीइतकंच उपचार म्हणून धरा. तुमच्या यजमानांचं म्हणणं त्या अर्थाने बरोबरच होतं.

कान तपासले का? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे १४ टाळता येण्याजोगे धोके मांडले. त्यात कमी ऐकू येणं, डिप्रेशन, मधुमेह, बीपी, एकटेपणा सगळं आहे. आता आजार आहे म्हणून कानांचं महत्त्व संपत नाही. ऐकू न येणारा माणूस गप्प बसतो आणि घरचे समजतात विसरला.

आणखी एक प्रश्न. डोनेपेझिल आणि मेटोप्रोलोल दोन्ही चालू आहेत ना? दोन्ही नाडी मंद करतात. चक्कर येते का? नाडी किती असते?

रानजाई
कानांचं खरंच डोक्यात आलं नव्हतं, वेळ घेते. हो, दोन्ही चालू आहेत. आत्ता बीपीच्या यंत्रावर बघितलं, नाडी ४८. अंथरुणातून उठताना एकदा भिंतीला धरलं होतं, ते झोपेत असतील असं वाटलं.

पांढरा कोट
हे थांबवून ठेवण्यासारखं नाही. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून ४८ आणि ते भिंतीला धरणं, दोन्ही सांगा. ईसीजी काढावा लागेल. मग दोन्हींतलं एक कमी करायचं की बंद, ते हृदयाचे आणि मेंदूचे डॉक्टर मिळून ठरवतील. आपणहून मेटोप्रोलोल तोडू नका. फोनपर्यंत त्यांना एकटं उठू देऊ नका.

मात्रा
आणि दोघांनाही एकच यादी पाठवा. आता मधली सूत्रधार तुम्हीच आहात.

रानजाई
फोन झाला. संध्याकाळी बोलावलंय, यादीची नवी प्रत काढतेय.